राखण

ज्वारीची राखण ज्यानं कधी केली नाही त्याला वाटतं, मचाणावर बसून पाखरं हाकणं म्हणजे पोरासोरांचं काम. आहेच तसं, पण त्यात एक मेख आहे. आमच्या नगर भागात रब्बीची मालदांडी पौषाच्या सुमाराला चिकात भरते आणि तेव्हाच चिमण्यांचे थवे उतरतात. त्याआधी दोन महिने तेच रान उभं असतं, एक पाखरू ढुंकून बघत नाही. दुसरं असं, की थवा टेकायच्या आत गोफण फिरली पाहिजे. एकदा दाणा चोचीत गेला की हाकललेलं पाखरू बांधावरच्या बाभळीपर्यंतच जातं, आणि आपली पाठ फिरली की परत येतं.

पाळकसाहेब उपदेशात मनाची राखण करा म्हणतात तेव्हा मला हेच दिसतं. प्रभू येशूची परीक्षा झाली ती बाप्तिस्म्यानंतर, अरण्यात. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतानानं धोंड्याची भाकर करायला सांगितलं. भूक लागणं पाप नव्हे आणि भाकर ही काही वाईट वस्तू नव्हे. म्हणून तर तो मोह. प्रभूनं तिन्ही वेळा शास्त्रातलं एकेक वचन पुढं केलं आणि विषय तोडला. एदेन बागेत हव्वा मात्र सापाशी बोलत बसली. दलालाला ओट्यावर बसवून चहा विचारला की निम्मा सौदा झालाच म्हणायचा.

मोह म्हटलं की उपदेशात दारू, पत्ते आणि परस्त्री एवढंच निघतं. त्यानं घरं बुडाली हे खरं आहे. पण साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला मोह कशाचा, हे कोणी विचारत नाही. बांधापलीकडच्या रानाचा.

पहिल्या राजांच्या पुस्तकात एकविसावा अध्याय आहे, तो मी पुन्हा पुन्हा वाचतो. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथं भाजीपाला करायचा होता. त्यानं नाबोथाला सांगितलं, याच्यापेक्षा चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत घे. यात वाईट काय? आज रस्त्यात जमीन गेलेला माणूस म्हणेल, सरकारपेक्षा अहाब बरा. पण नाबोथ नाही म्हणाला. वडिलांचं वतन होतं. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणं जमीन देवाची, आणि पन्नासाव्या वर्षी, योबेलाला, विकलेली जमीनसुद्धा मूळ घराण्याकडं परत जायची. वतन हा शब्द आमच्या लोकांच्या कानाला लगेच लागतो. १९५८च्या कायद्यानं महार वतनं गेली, जमिनी नव्या शर्तीनं मिळाल्या, आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत हे ऐकतच आम्ही मोठे झालो. त्यामुळं नाबोथाचं म्हणणं आम्हाला कोणी समजावून द्यावं लागत नाही.

तर इथवर अहाबानं काहीच गुन्हा केला नव्हता. मागितलं, मिळालं नाही. पण तो घरी आला, पलंगावर पडला, तोंड फिरवलं आणि जेवेना. मला वाटतं, नाबोथाचा खून इथं सुरू झाला, धोंडे पुढं पडले. तो नकार त्यानं वेशीबाहेर ठेवला नाही, उशाशी घेऊन झोपला. मग ईजबेल राणीनं विचारलं काय झालं, राजाच्या नावानं पत्रं लिहिली, त्याचीच मोहर मारली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला गावाबाहेर धोंडमार झाली. अहाबानं स्वतः एक अक्षर लिहिलं नाही. विचार घरात पाळला की त्याला गडी आपोआप मिळतात. ज्या गावात सातबारा आणि तलाठी आहे त्या गावाला हे नवीन नाही.

माझ्या विहिरीला लागून एका विधवा म्हातारीचं एक एकर रान आहे. पोरं पुण्याला, त्यांना विकायचंय, तिला नाही. रात्रीच्या लाइटीला मी दारं धरतो तेव्हा पलीकडं ते एकर चांदण्यात पडलेलं दिसतं. तिथं मला विचार येतो. तो चोरासारखा येत नाही, मोठा शहाणा होऊन येतो. म्हणतो, म्हातारीच्यानं आता होत नाही, पोरं कोणाही परक्याला देतील, तू घेतलं तर निदान शेजार तरी राहील. रोख मिळतंय म्हटल्यावर भाव थोडा कमी चालेल.

ह्याला ओळखायची माझी एक साधी खूण आहे. तो विचार जसाच्या तसा म्हातारीच्या ओसरीवर बसून बोलता येतो का? बाकी सगळं बोलता आलं असतं, भावाचा तुकडा तेवढा तोंडातून निघाला नसता. घरी मात्र मी सगळं सांगितलं. आमची मंडळी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, अहाबाला तरी काय जास्त पायजे होतं? भाजीच तर लावायची होती.”

घरोघरी भिंतीवर वचनांचं कॅलेंडर असतं, आमच्याकडंही आहे. पण बुजगावण्याला पाखरं चार दिवस भितात, पाचव्या दिवशी त्याच्या डोक्यावर बसतात. शिवाय नुसतं हाकलून भागत नाही. प्रभूनं सांगितलं आहे, की अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून रिकामं ठेवलं, तर तो आणखी सात जणांना घेऊन परत येतो. रिकाम्या जागेत काहीतरी ठेवायला हवं म्हणून मी म्हातारीच्या हरभऱ्याला माझ्या विहिरीचं पाणी द्यायला लागलो. मला वाटलं, आता हा विचार गेला. तर उलटंच. ज्या रानाला आपण पाणी दिलं, त्याच्यावर जीव जास्तच जडतो. तिथल्या वाफ्यांची माती, कुठं पाणी मुरतं, कुठं साचतं, सगळं पायाला पाठ झालं. मंडळीच्या ते ध्यानात आलं. म्हणाली, पाणी द्या, पण तिथं पाय नका ठेवू.

आता मोटर मी चालू करतो आणि दारं म्हातारीचा भाचा धरतो.