नामरूप आणि शिक्का

जी वस्तू क्षणोक्षणी बदलते ती ‘तीच’ आहे असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो, हा प्रश्न भारतीय दर्शनांना परिचयाचा आहे. परंतु आपल्या खिशातल्या यंत्राने त्याला आज पुन्हा नवे निमित्त पुरविले आहे. रात्री निजताना जे अ‍ॅप आपण बंद केले ते सकाळी उघडावे, तो त्याचे चिन्ह निराळे, रंग निराळा, शब्दयोजना निराळी आणि आतील यंत्रणाही पुष्कळ अंशी निराळी झालेली असते. आणि तरीही आपले हिशेब, आपली पत्रे, आपली छायाचित्रे त्याच्या हवाली तशीच ठेवून आपण निःशंक मनाने आपल्या कामाला लागतो. ही निःशंकता कशावर उभी आहे? अँड्रॉइड स्टुडिओ या साधनात बसून अ‍ॅप घडविणाऱ्या माणसाला हा प्रश्न या स्वरूपात पडत नसेल, पण प्रकल्पाच्या सेटिंग्ज आणि रिसोर्स फाइली यांचा कारभार पाहताना त्याचे काही ना काही उत्तर त्याला रोज कृतीने द्यावे लागते, आणि ते उत्तर दर्शनांच्या अभ्यासकाने लक्ष देऊन पाहावे इतक्या योग्यतेचे आहे असे मला वाटते.

प्रथम नामरूपाकडे पाहू. अँड्रॉइडच्या प्रत्येक प्रकल्पात ‘रेस’ नावाचे एक फोल्डर असते आणि अ‍ॅपचे जे जे काही डोळ्यांना दिसणारे व वाचता येणारे आहे ते ते, म्हणजे चित्रे, पडद्यावरची मांडणी, रंग, मापे आणि सगळा मजकूर, तेथे आपापल्या कप्प्यात ठेवलेले असते. दृश्य सामग्री आणि कार्य करणारा कोड यांची ही फारकत आजची नाही. १९८४ साली अ‍ॅपलचा मॅकिंटॉश संगणक बाजारात आला, तेव्हा त्यातील प्रत्येक फाइलीला दोन शाखा असत, एक विदेची आणि दुसरी रिसोर्सची. ब्रूस हॉर्न या तरुण अभियंत्याने लिहिलेला रिसोर्स मॅनेजर त्या दुसऱ्या शाखेतील मेनू, चिन्हे आणि वाक्ये यांचा सांभाळ करी, आणि त्यामुळे मूळ प्रोग्रॅमला हात न लावता त्याला दुसऱ्या भाषेत बोलते करणे शक्य झाले. आज मराठीत अ‍ॅप दिसते ते याच विचाराच्या पुण्याईने. मूळ मजकूर ‘व्हॅल्यूज’ या फोल्डरातील ‘स्ट्रिंग्ज’ नावाच्या फाइलीत असतो, त्याच्या शेजारी ‘व्हॅल्यूज-एमआर’ असे दुसरे फोल्डर उघडले जाते, आणि तेथे त्याच नोंदीसमोर ‘सेव्ह’च्या जागी ‘जतन करा’ असे लिहिले जाते. कोडला या दोहोंपैकी एकही शब्द ठाऊक नसतो. बांधणीच्या वेळी प्रत्येक नोंदीला ‘७एफ’ या षोडशमान अंकांनी आरंभ होणारा एक क्रमांक दिला जातो, कोड केवळ त्या क्रमांकाचे नाव घेतो, आणि त्या क्रमांकाने कोणते रूप धारण करावयाचे ते समोरच्या फोनची भाषा, पडद्याची रुंदी, दिवसाची की रात्रीची रंगसंगती चालू आहे, या उपाधींवरून ठरते.

ही निवड कशी होते ते पाहण्यासारखे आहे. फोनच्या तत्कालीन स्थितीशी ज्या फोल्डरांचा विरोध येतो ती एकेक करून वगळली जातात. ‘हे नव्हे, हे नव्हे’ असे म्हणत जाण्याची उपनिषदांची रीत कोणालाही येथे आठवावी. भेद एवढाच, आणि तो लहान नाही, की उपनिषदांच्या निषेधातून अखेरीस निर्गुण उरते, तर या निषेधातून सर्वांत सगुण, म्हणजे त्या प्रसंगाला सर्वांत नेमकेपणाने लागू पडणारे रूप उरते. म्हणून मला या व्यवस्थेचे खरे नाते वैयाकरणांशी दिसते. पाणिनीने सामान्य विधी सांगून विशेष स्थळी अपवादाने त्याचा बाध करण्याची जी उत्सर्ग-अपवादाची पद्धती अष्टाध्यायीत राबविली, तीच येथे फोल्डरांच्या नावांत उतरलेली आहे. आणि अपवादाला उत्सर्गाचा आधार लागतो हे त्या पद्धतीचे मर्मही येथे तितक्याच कठोरपणे पाळले जाते. एखाद्याने मराठीच्या अभिमानाने एखादे वाक्य केवळ मराठी फोल्डरातच लिहिले आणि मूळ फोल्डरात ती नोंद करण्याचे राहून गेले, तर मराठी फोनवर सर्व काही सुरळीत चालते, आणि अन्य भाषेच्या फोनवर ते वाक्य मागितले जाताच अ‍ॅप तेथल्या तेथे बंद पडते.

एवढे पाहून वेदान्ताची थोडीफार सवय असलेला मनुष्य एका निष्कर्षाकडे सहज ओढला जाईल. भाषा, रंग, आकार हे सर्व उपाधी आहेत, ते बदलले तरी आत कार्य करणारा कोड एकच आहे, तेव्हा कोड हाच अ‍ॅपचा आत्मा आणि रिसोर्स हे त्याचे देह, असे म्हणून प्रकरण मिटविता येईल. हा निष्कर्ष जितका आकर्षक तितकाच असत्य आहे. कोडही बदलतो, आणि थोडाथोडका बदलत नाही. २०१७ साली गुगलने अँड्रॉइडसाठी कोटलिन या भाषेला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ मध्ये तिला अग्रक्रम दिला. त्यानंतर जावा भाषेतील कितीतरी अ‍ॅपांचा कोड ओळीओळीने कोटलिनमध्ये नव्याने लिहिला गेला. जुन्यातली एकही ओळ उरली नाही अशी अवस्था आली तरी वापरणाऱ्याच्या लेखी, आणि यंत्राच्याही लेखी, अ‍ॅप तेच राहिले. उलट प्रकार याहून बोलका आहे. एकच कोड, एकच चित्रे, एकच मजकूर घेऊन प्रकल्पाच्या बिल्ड फाइलीतील ‘अ‍ॅप्लिकेशन आयडी’ या एका नोंदीला नुसते एखादे शेपूट जोडले, की फोनवर दोन अ‍ॅपे शेजारी शेजारी उभी राहतात. एकाची विदा दुसऱ्याला दिसत नाही, एक काढून टाकले तरी दुसऱ्याला त्याची खबर नसते. सर्व गुणांनी समान असून ती दोन आहेत, आणि सर्व गुणांनी पालटलेले असून ते एक आहे. द्रव्यात आणि गुणात ओळख शोधणाऱ्याला या दोन उदाहरणांपुढे थांबावेच लागते.

हाच पेच मिलिंदाने अनुभवला होता. सागल नगरीचा हा यवन राजा, ज्याला ग्रीक इतिहास मिनँडर म्हणून ओळखतो, रथात बसून नागसेन भिक्षूच्या भेटीला आला, तेव्हा नागसेनाने त्याला विचारले की दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. आणि प्रत्येक वेळी नकार देत गेलेल्या राजाला शेवटी मान्य करावे लागले की या सर्व अवयवांच्या आश्रयाने ‘रथ’ ही केवळ संज्ञा, केवळ व्यवहार प्रवृत्त होतो. अ‍ॅप्लिकेशन आयडी ही अशीच संज्ञा आहे. ती कोणा अवयवाचे वर्णन करीत नाही, आणि पडद्यावर दिसणाऱ्या नावाशी तिचा संबंध असलाच पाहिजे असे नाही; मात्र प्ले स्टोअरवर ती एकदा प्रसिद्ध झाली की पुढे बदलता येत नाही, बदलली तर ते नवे अ‍ॅप ठरते.

तथापि नागसेनाच्या पहिल्या उत्तरावर समाधान मानणारा मनुष्य अर्ध्या वाटेवर थांबला असे मी म्हणेन, कारण नुसती संज्ञा कोणीही उचलू शकतो. उद्या एखाद्या भामट्याने आपल्या बँकेच्या अ‍ॅपचाच आयडी स्वतःच्या अ‍ॅपला दिला, तर ते बँकेचे अ‍ॅप होईल काय? अँड्रॉइडने याला जे उत्तर दिले आहे ते माझ्या मते या सर्व विषयाचे हृदय आहे. प्रत्येक अ‍ॅपवर, ते बाहेर पडण्यापूर्वी, घडविणाऱ्याच्या गुप्त किल्लीने शिक्कामोर्तब करावे लागते. आणि फोनवर असलेल्या अ‍ॅपच्या जागी नवी आवृत्ती बसवू देण्यापूर्वी यंत्र एवढेच पाहते की संज्ञा तीच आहे काय, आवृत्तीचा अनुक्रम मागे गेलेला तर नाही ना, आणि शिक्का त्याच किल्लीचा आहे काय. शिक्का निराळा असेल तर आवृत्ती नाकारली जाते. चित्र तेच आहे काय, कोड तोच आहे काय, असा प्रश्न यंत्र विचारीतच नाही. ‘या नावाने पूर्वी जो उत्तरदायी होता तोच आज उत्तर देण्यास उभा आहे काय’, एवढीच त्याची पृच्छा असते, आणि उत्तर होकारार्थी मिळाले की मागील सर्व विदा, म्हणजे वापरणाऱ्याने विश्वासाने सोपविलेले सर्व काही, नव्या आवृत्तीच्या स्वाधीन केले जाते.

मिलिंदाचे आणि नागसेनाचे संभाषणही पुढे याच स्थळी येऊन पोहोचते. जर कोणी नित्य आत्मा नाही, तर कर्माचे फळ कोणी भोगावे, ही राजाची शंका होती. त्यावर नागसेनाने आंबे चोरणाऱ्या माणसाचा दृष्टान्त दिला. चोर राजापुढे उभा राहून म्हणतो की, मी या गृहस्थाचे आंबे घेतलेच नाहीत. त्याने जे जमिनीत पेरले ते आंबे निराळे आणि मी झाडावरून तोडले ते निराळे. द्रव्यदृष्ट्या त्याचे म्हणणे खोटे ठरविता येत नाही, पण तो अपराधी आहे यात मिलिंदालाही संशय वाटला नाही, कारण नंतरचे आंबे पहिल्यांतूनच निष्पन्न झाले होते. येथे ओळख ही द्रव्याची बाब न राहता ऋणाची बाब झाली. परंपरेने जे आपल्याकडे आले त्याचे देणेही आपल्याकडेच आले, हा या दृष्टान्ताचा आशय मला अत्यंत मोलाचा वाटतो.

हीच गोष्ट लहान प्रमाणात, दिवसातून कितीतरी वेळा, फोन आडवा धरताना घडते. पडद्याची दिशा पालटली की त्या क्षणी दिसत असलेला पडदा, ज्याला अँड्रॉइडमध्ये अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, सामान्यतः नष्ट केला जातो आणि नव्या उपाधींना अनुरूप अशा रिसोर्सनिशी पुन्हा जन्माला घातला जातो. जाणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिटीला आपल्यामागे एक लहानसे गाठोडे ठेवण्याची मुभा असते, त्याला बंडल असे नाव आहे, आणि येणारी अ‍ॅक्टिव्हिटी ते उघडून आपले काम पुढे चालविते. त्या गाठोड्यात काही गोष्टी यंत्रणा स्वतःच बांधते, पण त्यांपलीकडे काय बांधावे हे घडविणाऱ्याने ठरवावयाचे असते. अर्धवट भरलेला फॉर्म, यादीत बोट कोठवर पोहोचले होते ती जागा, अशा गोष्टी त्याने बांधल्या नाहीत तर फोन सरळ करताच माणसाचे दहा मिनिटांचे टंकलेखन नाहीसे होऊ शकते. जन्मांतरी स्थूल देह न जाता संस्कार तेवढे जातात हे शास्त्रवचन आपण ऐकत आलो. परंतु कोणते संस्कार पुढे जाणे अवश्य आहे याचा निर्णय दुसऱ्याच्या श्रमाविषयीच्या आस्थेने करावयाचा असतो, हे मला या क्षुल्लक भासणाऱ्या गाठोड्याने जितके स्पष्ट केले तितके पुष्कळ भाष्यांनी केले नव्हते.

वेदान्ती यावर एक आक्षेप घेईल आणि तो रास्त आहे. अ‍ॅपला साक्षी नाही. ‘मी आहे’ असे भान त्याला नाही. तेव्हा त्याच्या उदाहरणावरून जीवाच्या आत्म्याचे खंडन होत नाही. ते करण्याचा माझा मानसही नाही. अद्वैताच्या आचार्यांनी पारमार्थिक आणि व्यावहारिक अशा सत्ता मानल्या, त्यांपैकी पहिलीविषयी अँड्रॉइडचा कोणताही दस्तऐवज काही सांगू शकणार नाही. परंतु व्यवहारात एक मनुष्य दुसऱ्याला ‘हा तोच’ म्हणून ओळखतो आणि त्याच्यावर विसंबतो, तेव्हा तो त्याच्या साक्षिचैतन्याचा ठाव घेऊन विसंबतो असे कोणी म्हणणार नाही. तो पाहतो ते एवढेच, की काल दिलेल्या शब्दाला आज हा बांधलेला आहे की नाही.

म्हणूनच किल्लीचा सांभाळ हा मला केवळ तांत्रिक विषय वाटत नाही. प्रकल्पाच्या सेटिंग्जमध्ये तिची जागा वेगळी ठेवण्याचा दंडक आहे. आपापल्या संगणकावरील मार्ग ज्या ‘लोकल प्रॉपर्टीज’ फाइलीत असतात ती जशी सामायिक दप्तरात घालीत नाहीत, तशीच किल्ली आणि तिचा पासवर्ड हेही घालीत नाहीत. गुगल प्लेचा नियम असा आहे की किल्लीच्या प्रमाणपत्राची मुदत २२ ऑक्टोबर २०३३ च्या पलीकडे असली पाहिजे. म्हणजे आज शिक्का उठविणाऱ्याने उद्याच्या अनेक वर्षांचे उत्तरदायित्व आजच पत्करावयाचे. पूर्वी ही किल्ली हरवली तर अ‍ॅपची परंपरा तेथेच खुंटे. २०२१ च्या ऑगस्टपासून नव्या अ‍ॅपांच्या किल्ल्या गुगलच्याच हवाली ठेवण्याची पद्धत सक्तीची झाली, त्यामुळे हरवण्याचे भय कमी झाले. आपला शिक्का दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवणे कितपत उचित, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेलेला नाही. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये किल्ली बदलण्याचीही सोय झाली, ती अशी की जुन्या किल्लीने नव्या किल्लीवर स्वतः शिक्का उठवून तिला आपली उत्तराधिकारी म्हणून जाहीर करावे. गादीवर बसणाऱ्याला पूर्वीच्या आचार्याचे अनुज्ञापन लागते ही मठांची रीत येथे गणिताच्या भाषेत अवतरली आहे.

परंतु जेथे संज्ञा आणि शिक्का दोन्ही यथास्थित राहून त्यांच्यामागचा मनुष्यच बदलतो, ते स्थळ सर्वांत अवघड. प्ले स्टोअरवर एका खात्यातील अ‍ॅप दुसऱ्या खात्याकडे हस्तांतरित करता येते, आणि त्याबरोबर त्याचे वापरणारे, त्याला मिळालेले अभिप्राय व तारे हेही नव्या धन्याकडे जातात. यंत्राच्या तिन्ही कसोट्यांना उतरून पुढची आवृत्ती फोनवर येते, आणि ज्याने पहिल्या धन्याच्या भरवशावर आपले खासगी हिशेब तेथे लिहिले होते त्याला या बदलाचा पत्ताही न लागणे शक्य असते. कायद्याने हा व्यवहार निर्दोष असेल. परंतु ऋण ज्याचे देणे आहे त्याला न सांगता ऋणकोने आपल्या जागी दुसरा उभा करणे आपल्या जुन्या सावकारीतही मान्य झाले नसते. नव्या धन्याने पहिल्याच आवृत्तीत, रिसोर्स फाइलीतील एका वाक्याने, प्रत्येक वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत हे कळवावे आणि त्याची विदा पुढे ठेवावयाची की पुसून टाकावयाची याचा कौल घ्यावा, अशी सक्ती स्टोअरनेच केली पाहिजे. त्या एका वाक्याला स्ट्रिंग्जच्या फाइलीत एकाच नोंदीची जागा लागते, आणि मराठीत ते लिहावयाचे तर ‘व्हॅल्यूज-एमआर’मध्ये आणखी एकीची.