मूळचं झाड

गावाच्या पडीक जागेत देशी झाडांची बाग लावायचं ठरलं, तेव्हा नियम एकच केला : परदेशी झाड नको. देवराईत नारळ फोडून खाली पडलेल्या बिया आणल्या. हिरडा, बेहडा, ऐन, कुंभा, ताम्हण. हिरडा लवकर उगवत नाही. पिशव्यांना पाणी घालून घालून पोरं कंटाळली. जागेतली घाणेरी मुळासकट काढली. शोभेसाठी म्हणून अमेरिकेतून आणलेलं हे झुडूप आता डोंगरभर माजलंय, खाली गवत उगवू देत नाही. तिचं कुणाला वाईट वाटलं नाही.

अडचण झाली ती वाटेवरच्या गुलमोहराची. तो माझ्या वडिलांनी, आण्णांनी लावलेला. आणि गुलमोहर मूळचा मादागास्करचा. नियम माझ्याच अक्षरात लिहिलेला, त्यामुळं सभेत सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"तोडू या," मी म्हणालो. आपण किती सरळ आहोत हे दाखवायची घाई झाली होती मला.

चुलती मागं बसली होती. म्हणाली, "आरं, मी बी कऱ्हाडाकडची. गावातल्या समद्या बायका परगावच्याच की. आमाला कवा उपटताय?"

सभा हसली. मीही हसलो, पण रात्री डोळा लागेना. जेवणात भाकरी आणि ठेचा होता. ज्वारी मूळची आफ्रिकेची, मिरची पोर्तुगीजांबरोबर आलेली. किती वर्षं राहिलं की आपलं होतं? की वर्षं मोजायचीच नाहीत, शेजाऱ्याला जगू देतो का एवढंच बघायचं? तसं बघितलं तर गुलमोहर निर्दोष सुटतो. पण जागा मोजकी आहे. गुलमोहर काय, कुठल्याही रस्त्याकडेला दिसतो; कुंभा मुद्दाम लावायला कोण जातंय? आणि खरं सांगायचं तर आण्णांचं झाड ऐन उन्हाळ्यात पानं टाकतं, सावलीसुद्धा धड देत नाही. त्याच्या बाजूनं बोलायला माझ्याकडं आण्णांशिवाय काहीच नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या बापानं लावलेलं असतं, तर मी एवढा विचार केला असता का?

शेवटी तोडलं नाही. त्याच्यापासून दहा हातांवर कुंभा लावला. गुलमोहराची मुळं वरवरची, वळवाच्या वाऱ्यात कधीतरी तो पडणारच. तेव्हा जागा कुंभ्याची, असं वहीत लिहून ठेवलंय.

चुलतीला हे अजून सांगितलेलं नाही.