हलका चाप, जड प्रश्न

माझा एक भाचा अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. वीस वर्षांपूर्वी गेला, आता तिथलाच नागरिक झाला आहे. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. आईची चौकशी, इकडच्या पावसाची चौकशी, आणि मग स्वतःचे काहीतरी. गेल्या उन्हाळ्यात या 'काहीतरी'मध्ये एक पिस्तूल आले.

इकडच्या वाचकाला हे ऐकून दचकल्यासारखे होईल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बाळगायलाच नव्हे, तर ती दुरुस्त करायलाही परवाना लागतो. मी शाळेत राष्ट्रीय छात्रसेनेचे काम पाहत होतो, तेव्हा मुलांच्या हाती पॉइंट टू-टू रायफल देण्यापूर्वी दहा वेळा तपासून घेत असे. टेक्सासमध्ये मात्र नेमबाजीच्या हौसेसाठी पिस्तूल घेणे, दुकानातून सुटे भाग आणून ते घरच्या टेबलावर बदलणे, हे सायकलला नवी घंटी बसवण्याइतके सहज चालते.

भाच्याने एका गृहस्थाकडून वापरलेले पिस्तूल घेतले. कारखान्यातून निघणाऱ्या अशा बऱ्याच पिस्तुलांचा चाप साधारण साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलोच्या जोराने ओढावा लागतो. हा जोर उगाच ठेवलेला नसतो. दचकून मूठ आवळली तरी गोळी सुटू नये, म्हणून तो असतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या पिस्तुलांना तर अनेक वर्षे १२ पौंडांचा चाप असे. पण जड चाप ओढताना नेम हलतो, म्हणून हौशी नेमबाज तो काढून हलका बसवतात. भाच्यानेही बसवला. पहिल्याच दिवशी मैदानावर दहातली तीन काडतुसे उडालीच नाहीत.

प्रथम त्याने दोष काडतुसांना दिला. दुसरी आणली, तरी तेच. मग नव्या भागाला दिला, मग पिस्तूल विकणाऱ्या गृहस्थाला. शेवटी कंटाळून तो एका परवानाधारक कारागिराकडे गेला. त्या म्हाताऱ्याने पिस्तूल हातात घेण्याआधी एकच विचारले, "शेवटचं काय बदललंत?"

कारागिराने ते उघडले तेव्हा कळले, की पिनेला पुढे ढकलणारी आतली स्प्रिंगही मूळची नव्हती. आधीच्या मालकाने तीसुद्धा हलकी बसवून घेतली होती. जुन्या चापाबरोबर तिचे निभत होते. नव्या चापामुळे पिन पूर्वीपेक्षा किंचित कमी मागे येऊ लागली, आणि त्या दुबळ्या स्प्रिंगला काडतुसाच्या बुडावर पुरेसा ठोका देता येईना. नवा चाप चांगला होता, स्प्रिंगही एकटी चालत होती. दोष होता तो दोघांची गाठ पडण्यात. कारागीर म्हणाला, "नशीब समजा, बिघाड न उडण्याचा झाला. असल्या बदलांतून नको तेव्हा उडण्याचाही होतो."

भाच्याचा प्रश्न यापुढे होता. "मामा, मला ते आता नकोच. जुना चाप परत घालतो आणि विकून टाकतो. मी घेतलं तेव्हा जसं होतं तसंच देणार. स्प्रिंगचं मला तरी कुणी सांगितलं होतं? मग मी का सांगायचं?"

प्रश्न आजचा नाही. रोमन विचारवंत सिसरो याने इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात एका धान्यव्यापाऱ्याची गोष्ट आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन आला आहे, आणि मागून आणखी गलबते येत आहेत हे फक्त त्याला ठाऊक आहे. ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायद्याने सांगायचे तेवढे दोष सांगावेत. बाकी न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला ठाऊक आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक झाले पाहिजे. सिसरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूने आहे.

आपला १८७२ चा करार कायदा मात्र बराचसा डायोजिनीसकडे झुकतो. त्याच्या १७ व्या कलमात घोड्याचे उदाहरण आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याची खोड ठाऊक आहे आणि तो गप्प राहतो. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी व्यक्ती त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते.

मला या उदाहरणातली मुलगी महत्त्वाची वाटते. घेणारा तुमचा कोण, असे कायदा विचारतो. घोडा लंगडा निघाला तर खड्डा पडतो तो घेणाऱ्याच्या खिशाला. पिस्तुलाचे तसे नाही. त्याची गोळी घेणाऱ्यालाच लागेल असे नाही. या व्यवहाराशी काडीचा संबंध नसलेल्या, शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही लागेल. तो आपला कोण, हे विचारायला तेव्हा वेळ नसतो.

राहिला मुद्दा, मला तरी कुणी सांगितले होते का, हा. आधीच्या मालकाने स्प्रिंग बदलली खरी, पण पुढे तिची कोणत्या चापाशी गाठ पडेल हे त्याला कुठून ठाऊक असणार? भाच्याला आता दोन्ही ठाऊक आहे. जुना भाग परत बसवता येतो, पण एकदा कळलेले न कळल्यासारखे करता येत नाही.

हे सारे मी त्याला तिथल्या तिथे सांगायला हवे होते. मुख्याध्यापकाला उपदेशाचे वावडे नसते. पण जीभ रेटेना, त्याला कारण आहे.

२००१ साली मी माझी जुनी स्कूटर आमच्या शाळेतल्या कन्नडच्या सरांना विकली. तिचा पुढचा ब्रेक पावसात कधी कधी लागत नसे. विकण्यापूर्वी मी तो मेकॅनिककडून नीट करून घेतला, आणि जे नीट झाले त्याविषयी काय बोलायचे, अशी मनाची समजूत घातली. खरे म्हणजे भाव पडेल ही भीती होती. त्या श्रावणात घाटातल्या वळणावर सर घसरले. उजवे मनगट मोडले. दोन महिने ते डाव्या हाताने फळ्यावर लिहीत होते. ब्रेकमुळे पडले की चिखलामुळे, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही, आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. त्या वर्षी फळ्यावरची ती वाकडी अक्षरे पाहून मी त्या वर्गावरून घाईने पुढे जात असे.

भाच्याला मी सिसरो सांगितला नाही, हे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

पुढल्या रविवारी त्याचा फोन आला. कारागिराकडून चाप आणि स्प्रिंग, दोन्ही कारखान्याचे बसवून घेतले होते. पेटीत एक चिठ्ठी ठेवली होती: काय बदलले होते, काय बिघडले, काय पूर्ववत केले. घेणाऱ्याने चिठ्ठी वाचून थोडे पैसे कमी केले. "पण मामा, त्यानं मला आभार मानून हात दिला," तो म्हणाला.

त्याचे काम झाले, माझे राहिले आहे. सर आता निवृत्त होऊन शेजारच्याच गावी असतात. मराठी ते आपल्याइतकेच सराईतपणे वाचतात, आणि हा दिवाळी अंक दरवर्षी मीच त्यांच्या घरी पोचवतो. यंदा अंकाच्या आधी मी जाणार आहे.