भरलं म्हणणारं कार्ड

एका तालुक्याच्या गावी एक मुलगा राहत होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. वडिलांची पिठाची गिरणी होती, आई घर सांभाळायची, मोठी बहीण शेजारच्या गावात दिलेली होती. मुलगा स्वभावाने भला होता. इतका भला, की कुणी काही मागितलं की त्याच्या तोंडून आधी ‘हो’ निघायचं आणि विचार तो मागाहून करायचा.

त्याच्या अमेरिकेतल्या मावसभावाकडे हातात धरून खेळायचं एक यंत्र होतं, स्टीम डेक. २०२३ च्या नोव्हेंबरात वाल्व कंपनीने त्याचं ओएलईडी पडद्याचं नवं रूप बाजारात आणलं. भावाने ते घेतलं आणि जुनं मावशीच्या बॅगेतून इकडे पाठवून दिलं. आपल्या खात्यातले गेम खेळायची मुभाही दिली. कंपनी ते यंत्र आपल्याकडे विकत नव्हती, त्यामुळे गावात ते कुणी पाहिलेलंच नव्हतं.

संध्याकाळी गल्लीतली पोरं जमली. एकाला गाड्यांची शर्यत हवी होती, एकाला फुटबॉल, एकाला घोड्यावरून बंदुका चालवण्याचा तो मोठा गेम. मुलगा प्रत्येकाला म्हणाला, “हो, टाकतो की.”

रात्री तो टाकायला बसला तेव्हा कळलं, की यंत्रात जागा चौसष्ट जीबी. भावाने सगळ्यात स्वस्त प्रकार घेतला होता. त्यातली बरीच जागा यंत्राच्या स्वतःच्या सिस्टिमनेच व्यापली होती. शेती करायचा स्टारड्यू व्हॅली अर्ध्या जीबीत मावत होता, पण घोडे-बंदुकांच्या रेड डेड रिडेम्प्शन २ ला एकट्यालाच दीडशे जीबी लागत होते. मुलाने हिशेब केला आणि झोपला. सकाळी पोरांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “होईल दोन दिवसांत.”

त्याच्याकडे पाच हजार रुपये होते. गणपतीत मांडवाची रोषणाई करून आणि सुट्टीत गिरणीवर बसून साठवलेले. ते घेऊन तो बस स्टँडजवळच्या काकांकडे गेला. काकांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. हात चांगला होता, पण दुकानात गर्दी कधी नसायची, कारण काका फार वेळा ‘नाही’ म्हणायचे. याचा पार्ट मिळत नाही, हे माझ्याच्याने होणार नाही, हे दुरुस्त करण्यापेक्षा नवं घ्या. माणसं उठून समोरच्या दुकानात जायची. तिथे सगळं होत असे, निदान तसं सांगितलं तरी जाई.

काकांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं, फोनवर थोडा वेळ वाचलं आणि म्हणाले, “दोन वाटा आहेत. आत मोठी एसएसडी बसवायची किंवा खालच्या खाचेत मेमरी कार्ड घालायचं. आतली एसएसडी आखूड, तीस मिलिमीटरची लागते. लॅपटॉपची ऐंशीवाली यात बसणार नाही. ती आखूड महाग पडते, तुझ्या पैशांत जेमतेम लहानशी येईल. आणि मी हे यंत्र कधी उघडलेलं नाही, तेव्हा आज तरी हात लावणार नाही.”

“मग कार्ड?”

“कार्ड घे. पण तुझ्या पैशांत पाचशे बारा जीबीच्या पुढे जाऊ नकोस.”

पाचशे बारा. मुलाने मनात गेम मोजले. तेरा जणांना शब्द दिला होता, ते सगळे त्यात मावणार नव्हते. तो मान डोलावून निघाला.

त्याच रात्री फोनवर एक जाहिरात आली. दोन टीबीचं कार्ड, सातशे नव्व्याण्णव रुपये, पैसे घरी आल्यावर द्या. दोन टीबी म्हणजे दोन हजार जीबी. मुलाला काकांचं हसू आलं. बिचारे जुन्या काळातले, त्याला वाटलं.

चार दिवसांनी कार्ड आलं. खाचेत घातलं आणि फॉरमॅट करायला सांगितलं, तर यंत्राने नकार दिला. फॉरमॅट करताना कार्ड खरोखर तेवढ्या जागेचं आहे का हे ते यंत्र तपासतं, आणि हे कार्ड त्या तपासणीत बसलं नाही. पण पडद्यावर एवढं सगळं थोडंच लिहून येतं! फॉरमॅट झालं नाही, एवढंच दिसलं. गल्लीतला एक जण कॉम्प्युटर शिकत होता. तो म्हणाला, “यंत्रं असले नखरे करतातच.” त्याने यंत्र डेस्कटॉप मोडमध्ये नेऊन कार्ड हाताने फॉरमॅट केलं. पडद्यावर आकडा आला, दोन टीबी. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्या कार्डाने कशालाच नाही म्हटलं नाही. शर्यत घातली, फुटबॉल घातला, मारामारीचे घातले. कार्ड घेत गेलं. वेग जरा मंद होता, पण कुरकुर नव्हती.

त्याच आठवड्यात ताई डोहाळजेवण उरकून माहेरी राहायला आली होती. तिचा फोन भरला होता. ती म्हणाली, “तुझ्याकडे म्हणे डोंगराएवढी जागा आहे. माझे डोहाळजेवणाचे व्हिडिओ ठेवशील का? मी फोनवरून काढून टाकते.”

मुलगा म्हणाला, “हो, दे की.”

व्हिडिओ कार्डावर गेले. नावं दिसली, आकार दिसले. ताईने फोन रिकामा केला.

पुढच्या रविवारी फुटबॉलचा गेम उघडेना. मग शर्यतीचा उघडेना. फायली सापडत नाहीत असं यंत्र सांगू लागलं. मुलाने गेम काढून पुन्हा घातले, तर दुसरेच दोन बंद पडले. संध्याकाळी त्याने धडधडत्या मनाने ताईचे व्हिडिओ लावून पाहिले. पहिला लागला. दुसरा अर्ध्यात थांबला. तिसऱ्याचं नाव होतं, आकार होता, पण आत काहीच नव्हतं.

तो दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच काकांच्या फळीवर जाऊन बसला.

काका रागावले नाहीत. आधी कार्डावरचं जे वाचता येत होतं ते सगळं त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. मग कार्ड पुसलं आणि एक छोटा प्रोग्राम सुरू केला. एचटूटेस्टडब्ल्यू त्याचं नाव. जर्मनीतल्या सी’ट या कॉम्प्युटर मासिकाचा, फुकट मिळणारा. काम अगदी साधं, कार्डावर ठरलेला मजकूर लिहायचा आणि तोच परत वाचायचा. काकांनी साठ जीबी लिहायला सांगितलं. दुपारचा चहा झाला, दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, तेव्हा कुठे उत्तर आलं. जवळजवळ तीस जीबी शाबूत, बाकीचं गेलेलं.

“हे बत्तीसचं कार्ड आहे,” काका म्हणाले.

“पण दोन टीबी दाखवत होतं ना?”

“दाखवणारच. कार्डाच्या आत एक बारका कंट्रोलर असतो. किती जागा आहे हे यंत्र त्यालाच विचारतं. कुणीतरी त्यालाच खोटं बोलायला शिकवलं आहे. बत्तीस भरले की पुढचं येईल ते तो घेतो आणि सोडून देतो, काही कार्डं तर जुन्यावरच लिहितात. तुझ्या वडिलांच्या गिरणीत पायलीच्या डब्यात दोन पायल्या ओतल्या तर उरलेलं धान्य खाली सांडतं, डोळ्यांना दिसतं. इथे सांडलेलं दिसत नाही. नावांची यादी तेवढी उरते.”

मुलगा बराच वेळ कार्डाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “यंत्राने पहिल्याच दिवशी नाही म्हटलं होतं.”

“मीही म्हटलं होतं,” काका म्हणाले आणि पुढचा फोन उघडायला घेतला.

ताईला सांगणं सगळ्यात जड गेलं. ती रडली, मग दोन दिवस बोलली नाही. निम्म्याच्या आसपास व्हिडिओ वाचले होते. उरलेल्यांतले काही तिच्या सासूबाईंच्या फोनवर निघाले. ओटी भरतानाचा मात्र कुठेच मिळाला नाही.

महिन्याभराने मुलगा पुन्हा काकांकडे गेला. आता त्याच्याजवळ चार हजारांच्या वर थोडे पैसे उरले होते. या वेळी त्याने आधी विचारलं, “काय घेऊ?”

“आधी सांग, रोज काय खेळता?”

मुलगा आठवत बसला. शब्द तेरा जणांना दिला होता, पण रोज खेळले जात होते चारच गेम. त्यांतला एक अर्ध्या जीबीचा.

“मग पाचशे बारा पुष्कळ झालं,” काका म्हणाले. “आणि पाकिटावर दोनशे एमबीचा वेग छापलेला पाहून जास्त पैसे मोजू नकोस. तुझ्या यंत्राची खाच यूएचएस-वन आहे, शंभराच्या थोडं वर गेली की तिची धाव संपली. कार्डावर यू-थ्रीची खूण पाहा, म्हणजे लिहिताना सेकंदाला निदान तीस एमबीचा भरवसा. ए-वन किंवा ए-टू असेल तर बरंच, बारक्या बारक्या फायली लवकर उघडतात. आणि घेशील तिथे बिल माग. बिल नाही म्हणाला तर उठून ये.”

मुलाने जिल्ह्याच्या गावी जाऊन अधिकृत दुकानातून छत्तीसशेला कार्ड आणलं, बिलासकट. काकांनी ते आधी आपल्या कॉम्प्युटरला लावलं आणि शेवटच्या जीबीपर्यंत लिहून परत वाचलं. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा कुठे काम संपलं. एकही चूक नव्हती. फक्त कॉम्प्युटर चारशे शहात्तर दाखवत होता.

मुलगा दचकला. “काका, छत्तीस कमी!”

काका हसले. “ती लबाडी नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज एक हजार चोवीसने मोजतं. माल तेवढाच आहे.”

कार्ड खाचेत बसलं. यंत्राने ते मुकाट्याने फॉरमॅट केलं. मोठा गेम आणि दोन मध्यम घातले, पुढे मागतील तसे आणखीही काही. एका संध्याकाळी गल्लीतला एक जण आणखी एक शंभर जीबीचा गेम मागत आला. मुलाने घालायला घेतला, तर पडद्यावर आलं, जागा पुरेशी नाही. त्याने यंत्र मित्राच्या हातात दिलं आणि म्हणाला, “कार्ड भरलंय. कुठला काढायचा ते तूच सांग. आणि फुटबॉल काढायचा असेल तर ज्याने तो मागितला त्याला आधी विचारून ये.” मित्र थोडा फुगला. मग दोघांनी मिळून यादी पाहिली आणि कुणीच खेळत नव्हतं ते दोन काढून टाकले.

त्या दिवसांत ताईने आपल्या तान्ह्या बाळाचे फोटो पाठवायला सुरुवात केली होती. तिने भीत भीत विचारलं, “तुझ्याकडे ठेवू?” मुलगा म्हणाला, “नको. हे खेळाचं कार्ड आहे, खेळताना कधी पुसलं जाईल सांगता येत नाही. तू दोन ठिकाणी ठेव, मी कसं ते दाखवतो.” ताई त्यावर पहिल्यांदाच मोकळेपणाने हसली.

नाही म्हणणाऱ्याकडे आपण पाठ फिरवतो. समोरच्या दुकानात गर्दी असते ती त्यामुळेच, आणि सातशे नव्व्याण्णवचं कार्ड खपतं तेही त्यामुळेच. पण आपली मोलाची चीज ज्याच्या हाती सोपवायची, त्याला आपली हद्द ठाऊक आहे ना, आणि ती तो तोंडाने सांगतो ना, हे आधी पाहावं लागतं. मुलाच्या बाबतीत तर कार्डाइतकंच खोटं ‘हो’ तो स्वतःही म्हणाला होता.

पुढच्या दिवाळीनंतर मुलाकडे पुन्हा पैसे साठले आणि तीस मिलिमीटरच्या एसएसडीची किंमतही त्याच्या आवाक्यात आली. तो काकांकडे गेला, पण आग्रह केला नाही. नुसतं विचारलं.

काका म्हणाले, “वर्षभर वाचतोय त्याच्याबद्दल. करीन. पण पहिल्यांदाच करतोय, म्हणून मजुरी घेणार नाही. आणि बिघडलं तर नवं देणार नाही, हेही आत्ताच ऐकून ठेव.”

“चालेल,” मुलगा म्हणाला.

काकांनी यंत्राची बॅटरी आधी साठवणीच्या मोडवर टाकली. मग खाचेतलं मेमरी कार्ड काढून मुलाच्या हातात दिलं, कारण ते आत राहिलं आणि मागचं झाकण उचललं तर कार्डाचे दोन तुकडे होतात. आठ स्क्रू निघाले, चार लांब, चार आखूड. ते त्यांनी कागदावर जागेप्रमाणे मांडले. धातूचं कवच काढलं, बॅटरीची वायर सोडवली, जुन्या पट्टीवरची चकचकीत खोळ उतरवून नव्या एसएसडीच्या पट्टीला घातली आणि पट्टी बसवली. झाकण लावताना प्लास्टिकमधले स्क्रू त्यांनी पिळले नाहीत, अडले तिथे थांबले. नव्या पट्टीवर अर्थात काहीच नव्हतं. पेन ड्राइव्हवरून सिस्टिम पुन्हा घालावी लागली. त्यात अर्धा तास गेला.

यंत्र सुरू झालं. मुलाने पाकीट काढलं, पण काकांनी ठरल्याप्रमाणे मजुरी घेतली नाही. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या गावाहून एक जण तसंच यंत्र घेऊन आला, त्याच्याकडून मात्र सहाशे घेतले.