ऊब कुणाची?

थंडी साऱ्यांची असते, उबेला मात्र मालक असतो. ही गोष्ट माझ्या डोक्यात पुतणीमुळं शिरली. ती शिकायला कॅनडात, विनिपेगला आहे. शहराच्या मध्यभागात हिंडून आली की तासतासभर फोनवर सांगते. ऐकून ऐकून तिथला पोर्टेज आणि मेनचा चौक मला आमच्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडइतका पाठ झालाय.

त्या चौकात 1979 साली माणसांना रस्ता ओलांडायला बंदी झाली. वरून गाड्या आणि चालणाऱ्यानं जमिनीखालून जायचं. 2025 साली चौक माणसांना पुन्हा खुला झाला. इमारती जोडणारे काचेचे बंद पूलही आहेत. जानेवारीत बाहेर उणे 30 असलं तरी आतल्या आत फिरता येतं. ‘‘नाना, कोट काढून हातात धरते मी,’’ ती सांगत होती. पण इमारती बंद झाल्या की पुलांनाही कुलूप.

मग ज्याला घर नाही त्यानं जायचं कुठं? तिनं एका संध्याकाळी पाहिलं. हीटर असलेल्या बसथांब्यात एक माणूस बोचकी उशाला घेऊन झोपला होता आणि बसची माणसं बाहेर कुडकुडत होती. एक बाई चिडून म्हणाली, थांबा प्रवाशांसाठी आहे. पोरीनं मला विचारलं, ‘‘नाना, बरोबर कोण?’’

आमच्या गावात असं होत नाही, म्हणणं सोपं होतं. पण ते खरं नाही. माघाच्या थंडीत चावडीपुढं पेटायची तिला आम्ही गावाची शेकोटी म्हणायचो. तिची लाकडं ज्यांच्या डोक्यावरून यायची, ती माणसं दहा हात लांब बसायची. धग तिथवर पोचत नव्हती. ‘गावाची’ म्हटल्यानं काही गावाची होत नाही.

विनिपेगलाही तसंच काहीसं आहे. रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्यांचा तिथं संगम आहे. हजारो वर्षं तिथले मूळ लोक त्या संगमावर जमत आले. शहराचं नावही त्यांच्याच क्री भाषेतलं, अर्थ गढूळ पाणी. आणि आज थंडीत उघड्यावर राहणाऱ्यांत त्याच लोकांची संख्या मोठी. काल गेलेली माझी पोरगी उबेत आणि ज्यांचा संगम ते बाहेर.

चिडलेल्या बाईलाही मी वाईट म्हणणार नाही. दिवसभर राबून ती घरी निघाली असेल, तिला भीतीही वाटली असेल. पण शेतकऱ्याला एक हिशेब ठाऊक असतो. सामाईक विहिरीवर भिजवणीला पाळी असते, पिण्याच्या पाण्याला नसते. वाटसरू तहानेला आला तर त्याला कुणी सातबारा मागत नाही. बाईची दहा मिनिटांची ऊब ही पाळी आणि त्या माणसाची रात्रभराची ऊब ही तहान. तहान आधी.

अर्थात तहानलेल्यानं विहिरीवरच संसार मांडावा, असंही नाही. त्याच्यासाठी पाणवठा बांधणं हे गावाचं काम. गावानं ते केलं नाही, की एकाच हीटरपाशी दोन गारठलेली माणसं एकमेकांची वैरी होतात आणि ज्यांचं चुकलं ते आपापल्या घरी उबेत असतात.

पोरीला म्हणालो, ‘‘भीती वाटली तर बाहेर थांब बाई. पण त्याला अडचण म्हणू नकोस. माणूस अडचणीत असतो, तो अडचण नसतो.’’