किनारा लागला म्हणजे घर आले काय?

प्रवास कोठे संपतो? बोट बंदराला लागली, सामान उतरले, की प्रवास संपला असे आपण व्यवहारात धरून चालतो. परंतु मनुष्य घरी पोचणे ही केवळ भूगोलातील घटना नव्हे. तिला दोन बाजू आहेत : एक येणाऱ्याची, दुसरी घेणाऱ्याची. पहिल्या बाजूविषयी आपण पुष्कळ बोलतो. दुसऱ्या बाजूच्या कर्तव्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

डॉ. आनंदीबाई जोशी आणि गोपाळराव यांचे उदाहरण घ्यावे. १८८३ साली आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या, तेव्हा पती बरोबर नव्हता. निघण्यापूर्वी सेरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी सांगितले होते, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना एम.डी. पदवी दिली. गोपाळरावही अमेरिकेत पोचले होते. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत हे जोडपे परतीच्या बोटीत बसले आणि नोव्हेंबरात मुंबईस उतरले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा आनंदीबाईंची वाट पाहत होती. पण क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

या परतीच्या प्रवासात दोन प्रवास एकमेकांत मिसळलेले होते. एक मायदेशाकडचा, दुसरा एकमेकांकडचा. गोपाळरावांनीच पत्नीला शिकविले, तिच्यासाठी लोकनिंदा सोसली; त्यांनीच तिला मारलेही, आणि ती दूर असताना कडवट पत्रे लिहिली. आनंदीबाईंनी त्या जुन्या वागणुकीची आठवण अमेरिकेतून त्यांना स्पष्ट शब्दांत करून दिली होती. गेली ती आज्ञाधारक बायको होती. परतत होती ती स्वतःच्या नावाने उभी राहिलेली वैद्य. एका बोटीत बसणे सोपे असते. बदललेल्या माणसाला त्याच्या बदलासह स्वीकारणे कठीण असते, आणि विवाहाची खरी कसोटी तेथेच लागते. बरोबर प्रवास केला एवढ्यावरून दोघे एकाच ठिकाणी पोचले, असे म्हणता येत नाही.

येथे कोणी विचारील, परत येणाऱ्यानेच घराला जुळवून घ्यावयाचे नाही काय? तो गेला, घर तर जागेवरच होते! युक्तिवाद ऐकण्यास बरा वाटतो. परंतु आनंदीबाईंनी आपला शब्द पाळला होता. श्रद्धा, वेष, आहार, सारे त्यांनी परक्या मुलखात जपले. तरीही मायदेशी कौतुक करणारे होते तसे समुद्र ओलांडल्याचा दोष काढणारेही होते. म्हणजे येणाऱ्याने आपली बाजू पूर्ण केली तरी घराची बाजू आपोआप पूर्ण होत नाही. ती कोणीतरी जाणीवपूर्वक पार पाडावी लागते.

दुसरे उदाहरण आपल्या नगरशी निगडित आहे. अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ साली पत्नी हॅना व मुलांसह मुंबईहून मायदेशी निघाले. वाटेत समुद्रातच ते मरण पावले. जोडपे म्हणून निघालेली ती माउली विधवा होऊन किनाऱ्याला लागली. त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन मुंबईत १८४७ साली जन्मला होता. वीस वर्षांनी, १८७४ मध्ये, तो अहमदनगरास आला, १८७८ साली तेथे धर्मशिक्षणाचे विद्यालय त्याने सुरू केले आणि सुमारे अर्धे शतक या मातीत घालविले. आईबाप ज्याला घर म्हणत होते ते अमेरिकेत. मुलाने आयुष्य वाहिले ते नगरला. मग घर कोठे? जन्मस्थानी, पूर्वजांच्या गावी, की जेथे आपल्याला आपले म्हणून ओळखणारी माणसे आहेत तेथे? मला वाटते, ही ओळखच घराचा पाया आहे. बाकीच्या गोष्टी तिच्यावर रचलेल्या भिंती होत.

प्रेषितांच्या कृत्यांतील चौदाव्या अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा दीर्घ प्रवासानंतर तारवाने अंत्युखियास परततात. तेथील मंडळी काय करते? ती एकत्र जमते, आणि घडलेले सारे त्यांच्या तोंडून ऐकून घेते. उपदेश नाही, चौकशी नाही, हिशेब नाही. आधी ऐकणे. प्रवासाची सांगता तेथे होते.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. प्रवरा गोदावरीला मिळते तेवढेच आपले मोठे पाणी. तरीही आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांतून माणसे पुण्या-मुंबईला, आखाती देशांत, दूरदूर जातात आणि सणाला किंवा कायमची परततात. त्यांनी काय आणले, किती साठविले, जमीन घेणार की घर बांधणार, हे आपण पहिल्या दिवशीच विचारतो. तेथे रात्री झोप लागत होती काय, कोणाशी बोलत होतास, काय सोसलेस, हे विचारावयास वर्ष लोटते. कित्येकदा ते राहूनच जाते. नवराबायको मिळून परत आली असतील तर दोघांचे ऐकावे. एकाची हकीकत दुसऱ्याच्या तोंडून ऐकून समाधान मानू नये.

आनंदीबाईंच्या रक्षेचा कलश पुढे समुद्र ओलांडून थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे गेला आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवला गेला. परक्या देशातील त्या बाईने त्यांना घरात घेतले होते, त्यांचे ऐकून घेतले होते. मायभूमीला त्यासाठी जेमतेम तीन महिने मिळाले. आपल्या दारी येणाऱ्यांसाठी आपल्याला बहुधा त्याहून अधिक वेळ मिळतो. तो आपण कशात घालवितो, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी द्यावयाचे आहे.