हलाल, हराम आणि खाडीवरचे पाहुणे

जे हलाल आहे ते केलेच पाहिजे असे नाही, एवढी साधी गोष्ट वर्गात समजावून सांगायला बसले की तास पुरत नाही. आम्ही कोकणातल्या उर्दू शाळेत शिकवतो. हिवाळा लागला, ओहोटीच्या चिखलावर पाखरांचे थवे उतरू लागले की नववी-दहावीच्या वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, "सर, ये तो हलाल है ना? फिर मना क्यूँ?" विचारणारा खोडकर असतोच असे नाही. कधी त्याच्याच घरातले कोणी रात्री खाजणात जाळे लावते आणि सकाळी पाखरे विकून घरात चार पैसे येतात. त्याला उत्तर काय द्यायचे?

कायद्याचे उत्तर सोपे आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार गुन्हा आहे, तुरुंग आहे. पण ते उत्तर भीतीपाशी थांबते. गार्ड दिसला नाही की संपले. काही भले लोक मुलांना धाक घालण्यासाठी सरळ "हराम आहे" म्हणून मोकळे होतात. आम्हाला हे पटत नाही. पंजात धरून शिकार न करणारे हे चिखलातले पाखरू खाण्यास मनाई नाही, हे मुलाला घरून ठाऊक असते. चांगल्या हेतूने का होईना, दीनच्या नावावर खोटे सांगितले तर तो उद्या आपले खरेही ऐकणार नाही.

मात्र हलाल हा शब्द ताटापुरते उत्तर देतो. खाडीवरचा सवाल वेगळा आहे. आणि ताट व खाडी यांतला फरक शिकवायला आपल्याकडेच किती मोठा धडा आहे! हाजीने एहराम बांधला की जमिनीवरची शिकार त्याला मना होते. सूरह माइदामध्ये हा हुकूम आहे. जनावर तेच, माणूस तोच, काल हलाल होते ते आज मना. मक्केच्या हरमच्या हद्दीत तर शिकारीला मारायचे नाही इतकेच नव्हे, तिला हुसकावायचेही नाही, असे हदीसमध्ये आले आहे. म्हणजे हलाल गोष्टीलाही वेळ असते, जागा असते. आम्ही मुफ्ती नव्हे, बी.एड. झालेले मास्तर आहोत. आमच्या खाडीला हरमचा हुकूम लागू करण्याची गुस्ताखी आम्ही करणार नाही. पण ज्या दीनने आपल्याला हुसकावण्याचाही विचार करायला लावला, त्याच्या माणसाने "हलाल है ना" एवढ्यावर थांबावे, हे थोडे कोते वाटते.

त्यातही हुसकावणे म्हणजे काय, हे खाडीवर उभे राहिल्यावर कळते. आपण ज्याला 'चिखल्या' म्हणून सोडून देतो त्यातला एक लडाख-तिबेटच्या उंच पठारावर अंडी घालून इथे येतो. बाकदार चोचीची तुतारी तर उत्तर ध्रुवाजवळच्या सायबेरियातून येते. वजन भरेल साठेक ग्रॅम. चिखलातले किडे-गांडुळे ओहोटीलाच मिळतात. भरती आली की थवा बांधावर, रेतीवर दाटीवाटीने विसावतो. त्या वेळी एक कुत्रे धावले किंवा फोटोसाठी एखादा हौशी पुढे सरकला की सारा थवा उडतो, फिरतो, पुन्हा बसतो, पुन्हा उडतो. मार्च-एप्रिलमध्ये परतीला निघण्यापूर्वी अंगावर जी चरबी साठवायची, ती अशी वाऱ्यावर जाते. दुर्बीण गळ्यात घालणाऱ्यांनी स्वतःला शिकाऱ्यापेक्षा फार वर समजू नये. एलिफंटाच्या लाँचवरून कुरवांना गाठ्या-कुरकुरे फेकणारे तर स्वतःला सवाबचे धनी समजतात. मेहमानाला आपले तळण खाऊ घालणे म्हणजे मेहमाननवाजी नव्हे.

सलीम अलींचे नाव इथे टाळता येत नाही. पिवळ्या गळ्याची एक चिमणी त्यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडली आणि ही खाणे मुसलमानाला चालेल का, हा प्रश्न त्यांना पडला. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचाच प्रश्न! मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले आणि हलाल-हरामच्या प्रश्नातून पाखराचे नाव-गाव विचारणारा माणूस घडला. 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीचा जो अभ्यास केला तो प्रसिद्धच आहे. पुढे त्यांनीही अभ्यासासाठी पुष्कळ पाखरे मारली, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्यांनी प्रश्न ताटावर सोडून दिला नाही.

आता इन्साफाची गोष्ट. जाळे लावणारा गरीब माणूस दहा पाखरे नेतो. खाडीत भराव टाकणारा पाखरांची जागाच नेतो, आणि मुलांच्या प्रश्नात तो कधी येत नाही, कारण तो इस्त्रीच्या कपड्यात असतो. ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि 2022 मध्ये रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून सुमारे चाळीस रोहित मेले. मान देऊन पाहुणा सुरक्षित होत नाही. आमच्या गावातले निम्मे घर आखातात आहे. परक्या मुलखात चार महिने, चार वर्षे पोटासाठी राहणे काय असते आणि तिथे उभे राहायची जागा गेली तर काय होते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

नागालँडमध्ये पांगती गावाजवळ 2012 साली अमूर ससाण्यांची हजारोंनी कत्तल झाली. सायबेरिया-चीनकडून आफ्रिकेला जाताना ते तिथे उतरतात. दुसऱ्याच वर्षी, 2013 मध्ये, गावकऱ्यांनी जाळी गुंडाळून ठेवली. तेच ससाणे पुढे आपल्या सह्याद्रीवरूनही जातात. ही हकिकत आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले शांतपणे ऐकतात. मग एकाने विचारले, "सर, जाळी ठेवली, ठीक. पण त्या लोकांनी खाल्ले काय?" प्रश्न योग्य आहे. पाहुण्याचा खर्च गावातल्या सर्वांत गरीब घरानेच का उचलावा, हे कोणत्याही कायद्याच्या कलमात लिहिलेले आम्हाला सापडलेले नाही.